जातीच्या रकान्यापलीकडचा पणजोबा

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात पुष्कळ घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक फाईल असते. मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा असतो, मुलाला नोकरीचा अर्ज भरायचा असतो, किंवा घरातलं कोणी ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहणार असतं, तेव्हा ती तयार होते. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांकडून 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांकडून 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींकडून 10 ऑगस्ट 1950 च्या आणि जमातींकडून 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागितला जातो. मग काका-पुतणे तहसिलीच्या चकरा मारतात. कोतवाल बुकाची नक्कल निघते, बंदोबस्त मिसलीची निघते, अधिकार अभिलेखाची निघते. जातीच्या रकान्यातल्या एका शब्दाखाली पेनाने रेघ मारली जाते. प्रमाणपत्र हाती आलं की फाईल कपाटात जाते आणि पुढची भावंडं मोठी होईपर्यंत कोणी ती उघडत नाही.

त्या कागदांवर तो एक शब्द सोडून बाकी जे लिहिलेलं आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. पणजोबा किती एकर कसत होते, ती माती कोणत्या जातीची होती, ते मालगुजाराला किती रुपये-आणे देत होते, त्यांची किती लेकरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेली, वावर कधी गहाण पडलं आणि कधी सुटलं, हे सगळं तिथे आहे. ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य सरकारी दप्तरात लिहिलं गेलं आहे, आणि त्याच्याच घरच्या माणसांनी ते वाचलेलं नाही.

इंग्लंडमध्ये 1841 पासूनच्या जनगणनेचे घरनिहाय तक्ते जपलेले आहेत. शंभर वर्षं लोटली की ते सर्वांना खुले होतात. तिथला माणूस पणज्याचं नाव शोधतो आणि गणनेच्या रात्री घरात कोण कोण होतं ते त्याला समोर दिसतं. आपल्याकडेही 1872 पासून शिरगणती होत आली, पण बेरजा काढून झाल्यावर घराघरांचे मूळ कागद टाकून देण्यात आले. माणसांची यादी राहिली नाही. राहिली ती जमिनीची यादी, कारण सारा जमिनीवर होता आणि दरवर्षी वसूल व्हायचा होता. म्हणून आपल्याकडे पूर्वज शोधायचा तर नावामागे धावून भागत नाही. एकेका गावात त्याच नावाचे तीन-चार जण निघतात. शोधायचं ते वावर. वावराला नंबर असतो आणि त्या नंबराला माणूस जोडलेला असतो. नागपूरकडच्या प्लॉटच्या जाहिरातींत आजही ‘मौजा अमुक, प.ह.नं. तमुक, ख.नं. तमुक’ असं छापतात. हा पटवारी हलका आणि हा खसरा म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून चालत आलेला पत्ता आहे.

पारशिवनीच्या माणसाने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हा तालुका पूर्वी रामटेक तहसिलीत होता. जुन्या कागदांवर गावाच्या नावापुढे तहसील रामटेक असंच असणार. पारशिवनीच्या नावाने शोधून हात हलवत परत येणाऱ्याला बहुधा कोणी हे सांगितलेलं नसतं.

आता या कागदांची मुळं. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून नागपूरचं राज्य खालसा केलं. 1861 साली मध्यप्रांत तयार झाला आणि त्याच दशकात पहिला मोठा बंदोबस्त झाला. सारा तीस वर्षांसाठी ठरवून टाकण्याची ही रीत होती. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सरकारला सारा गोळा करून द्यायचा, पण गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. इंग्रजांनी त्याला गावाचा मालक करून टाकलं. तोच मालगुजार. पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी रयतवारीत थेट सरकारला सारा भरत होता. नागपूरचा शेतकरी मालगुजाराला खंड द्यायचा आणि मालगुजार त्यातून सरकारचा हिस्सा भरायचा. विदर्भातले कागद पुण्या-साताऱ्याच्या कागदांसारखे दिसत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

या एका फेरबदलाने पणजोबांची गावातली जागा ठरली, आणि ती त्यांच्या नावापुढे लिहिलेली सापडते. मालगुजाराच्या घरच्या शेतीला सीर म्हणत. तो स्वतः कसत असलेली बाकीची जमीन खुदकास्त. ज्याचा तुकडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा मानला गेला तो मालिक मकबुजा. त्याला मालगुजार हलवू शकत नव्हता. त्याच्या खाली मौरूसी कुळं. 1859 च्या दहाव्या कायद्याप्रमाणे बारा वर्षं सतत कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळे, आणि तो पुढे वारसाकडे जाई. सगळ्यात खाली साधं कूळ, ज्याला मालगुजाराची मर्जी सांभाळून राहावं लागे. नक्कल हातात आली की आधी हे बघा. तुमच्या घराण्याला गावात ताठ मानेने बोलता येत होतं की नाही, याचं उत्तर बरंचसं या एका शब्दात असतं.

पुढचा बंदोबस्त 1890 च्या दशकातला, आणि मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो हाच. नागपूर जिल्ह्याचं हे काम रेजिनाल्ड क्रॅडॉक नावाच्या अधिकाऱ्याने केलं. तो पुढे मध्यप्रांताचा चीफ कमिशनर झाला. जे. बी. फुलरने बसवलेली मातीच्या एककांची पद्धत तेव्हा प्रांतात चालत होती. सरकारी माणसं प्रत्येक वावरात प्रत्यक्ष उभी राहिली. माती काळी आहे, मोरंड आहे, खर्डी आहे, बरडी आहे की रेताडी, हे त्यांनी ठरवलं. प्रत्येक मातीला एक आकडा दिला, त्याने क्षेत्राला गुणलं आणि येणाऱ्या एककांवर खंड बसवला. पण माती एकटी पुरत नाही हे त्यांना कळत होतं. तीच काळी माती गावाला लागून असेल तर तिला शेणखत मिळतं, जंगलाला लागून असेल तर पीक घरी येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून वावर कुठे आहे तेही लिहिलं गेलं. गावालगतचं ते गोहारी. आजूबाजूचं पाणी उतरून ओल धरणारं ते लवण. नाल्यांनी कापलेलं ते वाहुरी. बांध घातलेलं ते बंधिया. आणि जनावरांचा उपद्रव असलेलं ते रान. रान म्हणून नोंद झालेल्या वावराचा आकडा खाली यायचा, कारण रानडुकरांनी आणि हरणांनी खाल्लेल्या पिकावर खंड मागणं सरकारलाही पटत नव्हतं.

आता पेंचच्या जंगलाकडची गावं डोळ्यांसमोर आणा. मिसलीतल्या एका ओळीवर तुमच्या पणज्याच्या वावरापुढे रान लिहिलेलं असेल, तर त्या एका शब्दात वावरातली माची आहे, रात्रभर केलेली राखण आहे, थंडीतली शेकोटी आहे, आणि सकाळी अर्धं वावर तुडवलेलं बघून परत घरी आलेला माणूस आहे. त्या भागातले शेतकरी आजही रानडुकरांच्या नुकसानीचे अर्ज घेऊन वनखात्यात जातात. पणज्याला ती सूट न मागता मिळाली होती.

मिसलीबरोबर नकाशा असतो. मध्यप्रांतातले गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाने काढलेले आहेत. हिशोब करून बघा: कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरची पाच साखळी, म्हणजे 330 फूट. एक चौरस इंच म्हणजे बरोबर अडीच एकर. म्हणजे अडीच एकराचं वावर कागदावर अंगठ्याएवढं दिसतं, पण त्याचा धुरा कुठे वळतो, पांदण कुठून जाते, विहीर कोणाच्या हद्दीत आहे, हे सगळं त्यात स्पष्ट आहे. तो नकाशा हातात घेऊन आज शिवारात उभं राहिलं तर बऱ्याच ठिकाणी धुरे जसेच्या तसे सापडतात. माणसं गेली, बैलजोड्या गेल्या, पिकं बदलली, पण धुरा हललेला नाही. हलला असेल तर त्याची भांडणंही कोर्टाच्या कागदांत सापडतील.

याच दप्तरात एक कागद असतो जो नातवंडं कधीच मागत नाहीत, कारण त्यावर कोणाची जात लिहिलेली नसते. तो वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटी त्यात लिहून ठेवलेल्या असतात. गुरं कुठे चरतील, नदीवर जायचा रस्ता कोणाच्या वावरातून जातो, तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, जळाऊ लाकूड कुठून आणायचं, कोतवालाला कोणी काय द्यायचं. पणजोबांचं नाव त्यात बहुधा नसेल, पण त्यांचा रोजचा दिवस त्यात आहे. माझ्या मते गावाबद्दलचा इतका जिवंत कागद सरकारने दुसरा लिहिलेला नाही.

आणि आता कोतवाल बुक. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की कोतवाल ते ध्यानात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यात जाऊन सांगायचा. तिथला लेखनिक लिहून घ्यायचा. नागपूर प्रांतात कोतवाली बहुतेक महार समाजाकडे होती. म्हणजे गावातल्या पाटील-कुणब्यांपासून गोंडांपर्यंत सगळ्यांच्या जन्ममृत्यूची आठवण ज्याने डोक्यात वाहून नेली, त्याला मात्र त्या गावात विहिरीचं पाणी भरायची मुभा नव्हती. आज ज्या कोतवाल बुकाच्या जोरावर हजारो घरांची प्रमाणपत्रं होतात, ते त्या माणसाच्या पायांवर उभं आहे. हे नुसतं ठाऊक असून भागत नाही, कृतज्ञतेने बोललं पाहिजे.

बुक वाचायला सोपं नाही. काही पानं मोडीत, काही बाळबोधीत. तान्ह्या बाळाचं नाव नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव, एवढंच. मृत्यूच्या कारणात ताप, देवी, पटकी, हगवण. तापाखाली काय काय बसलेलं असेल ते सांगता येत नाही. पण पानं ओळीने उलटली की काळ समोर उभा राहतो. 1896-97 चा दुष्काळ, लगेच 1899-1900 चा. त्या वर्षांची पानं इतरांपेक्षा दाट असतात, आणि त्यानंतर काही काळ जन्म कमी होतात. मग 1918 चा पावसाळा सरतो आणि इन्फ्लुएंझा येतो. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशात सर्वाधिक माणसं गमावलेल्या मुलखांपैकी एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर एकाच घरातून आठवड्यात दोन-तीन ओळी लागतात, कारण सगळीकडे तेच: ताप. घरात कधीतरी ऐकलेलं असतं की आजोबांना मावशीने वाढवलं. का वाढवलं ते कोणी सांगत नाही. 1918 चं पान उघडलं तर कदाचित कळेल.

पणजोबांच्या पिकाची गोष्टही बंदोबस्ताच्या दोन कागदांमधल्या फरकात वाचता येते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1869 मध्ये सुवेझ कालवा उघडला, आणि नागपूरचा गहू व जवस सातासमुद्रापार जाऊ लागला. 1877 च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. 1890 च्या दशकात गव्हाची वर्षं लागोपाठ बिघडली तसा शेतकरी कापसाकडे आणि ज्वारीकडे वळला. पारशिवनी भागातल्या माणसाला आणखी एक गिऱ्हाईक जवळच होतं: कामठीची छावणी, 1821 पासूनची. कडबा, गवत, लाकूडफाटा, दूध, भाजी. शेतकऱ्याने कापूस लावायचं ठरवलं त्यात मँचेस्टरचा भाव होता आणि मुलीचं लग्नही होतं. पहिली गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत मिळेल. दुसरी मिळाली तर गहाणखतात.

गहाणखतं दुय्यम निबंधकाकडे असतात आणि वाचणाऱ्याला हलवून सोडतात. रक्कम, व्याज, सावकाराचं नाव, आणि खाली सही येत नसलेल्या माणसाची निशाणी. जुन्या खतांवर कुणबी नांगराची निशाणी काढायचा, बाई बांगडीची. नंतर नुसता डाव्या हाताचा अंगठा आला. नांगराची ती वाकडी रेघ तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने ओढलेली आहे, कदाचित आयुष्यात कागदावर ओढलेली तेवढी एकच. फोटो नसलेल्या माणसाचं इतकं जवळचं काही दुसरं मिळत नाही. 1929 नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जं फुगली. मध्यप्रांताने 1933 साली कर्जाच्या समेटीचा कायदा केला, तसा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. समेट बोर्डापुढची प्रकरणं ज्या घरांची सापडतात, त्यांना आजोबांच्या तरुणपणाचा पुरा जमाखर्च मिळतो: बैल किती, देणं किती, खाणारी तोंडं किती.

बायका या दप्तरात फार कमी आहेत. पणजीचं नाव शोधायचं तर पणजोबा गेल्यानंतरचा कागद काढावा लागतो. तेव्हा खातं तिच्या नावावर चढतं आणि नावाआधी ‘बेवा’ लागतं. किंवा पोरगा लहान असतो आणि पालनकर्ती म्हणून आईचं नाव येतं. जी बाई चाळीस वर्षं त्या वावरात निंदली, तिचं नाव दप्तरात येण्यासाठी नवरा मरावा लागला. मागच्या पिढीतल्या म्हाताऱ्या माणसांना पणजीचं माहेर विचारून आजच लिहून घ्या. ते कोणत्याही तहसिलीत मिळणार नाही.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. तो कायदा मध्यप्रदेशाचा, कारण 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं. तरुण वाचकांना हे ऐकून नवल वाटतं. 1954-55 च्या सुमाराचा अधिकार अभिलेख हा त्यानंतरचा कागद, आणि फाईलमध्ये तो बहुतेकांकडे असतोच. त्यावर तुमचे आजोबा पहिल्यांदा मालगुजाराविना दिसतात, मधे कोणी नाही, थेट सरकार. त्याच्या पुढे सातबारा येतो, जो सगळ्यांना ठाऊक आहे. पण पारशिवनीत काही वावरांची साखळी इथे तुटते. पेंच प्रकल्पात नवेगाव खैरीच्या धरणाखाली जमिनी गेल्या, कोळशाच्या खाणींत गेल्या. त्यांचा शेवटचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. नागपूर शहर आज पेंचचं पाणी पितं. त्या पाण्याखाली जुन्या नकाशातले खसरे आहेत, नंबरासकट.

सगळंच कागदावर नाही. कोलितमारा, घाटपेंढरीकडच्या गोंड घरांची वंशावळ परधान गाऊन सांगत आले. काही समाजांचे भाट पोथी घेऊन गावोगाव फिरत. काशी-प्रयागला गेलेल्या पूर्वजांनी पंड्याच्या वहीत गाव आणि नातलग लिहून ठेवले. आणि घरातली भांडी बघा. लग्नात आलेल्या पितळी गुंडावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, कधी साल असतं. मोडीत घालण्याआधी ते उतरवून घ्या.

पुढच्या वेळी नकलेचा अर्ज कराल तेव्हा एक करा. आपल्या नावाची ओळ मागू नका, पूर्ण पान मागा. शेजारच्या चार खातेदारांची नावं, धुऱ्यापलीकडे कोण होता, सगळं त्यात येतं. त्या खसऱ्याचा गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. वाजिब-उल-अर्जाची चौकशी करा. मोडी वाचता येत नसेल तर शिका. वर्ग आता ऑनलाईनही चालतात, आणि काही आठवड्यांत अक्षरं लागू लागतात. कागद पिवळे पडलेत, कडा तुटतायत. काही पानं हात लावताच भुगा होतात. राज्याने अनेक जिल्ह्यांत जुने अभिलेख स्कॅन करायला घेतले आहेत, पण स्कॅन झालेलं पान कोणी वाचलं नाही तर ते दप्तरातच राहिल्यासारखं आहे. ते वाचायचं काम तुमचं आहे. कपाटातली फाईल या दिवाळीत, सगळे गावी जमलेले असताना, काढा आणि मुलांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा.